रेवस ते रेडी: टायर वाळूसाठी नको, कातळासाठी घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबरात तुम्ही आणि तुमचे मेहुणे पुण्याहून सायकली गाडीवर टाकून रेवसला उतरणार आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने रेडीपर्यंत दहा दिवसांत जाणार. तंबू, पथारी, चहा-मॅगीपुरता स्टोव्ह, सगळं सायकलवरच. तुमची हायब्रिड, डिस्क ब्रेकची, तिला 700×35 चे, म्हणजे 35 मिलिमीटर रुंदीचे, जवळजवळ गुळगुळीत टायर. मेहुण्यांची 29 ची एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, तिला 2.25 इंच रुंदीचे बटणांचे, म्हणजे वर रबरी गुट्ट्या असलेले, टायर. ते म्हणतात, कोकण म्हणजे वाळू, बटणं हवीतच. तुम्ही म्हणता, आता सगळीकडे डांबर झालंय, 35 रग्गड झाले. मला पंच नेमलंय, तर निकाल आधीच सांगतो: दोघेही हरलात. तुमचा टायर अरुंद आहे आणि त्यांची बटणं फुकटचं ओझं आहे. मेहुण्यांचं थोडं जास्त बरोबर आहे, पण त्यांचं कारण चूक आहे.

रत्नागिरीत सायकलींचं काम करता करता हा रस्ता मी सामानासकट सहा वेळा केलाय. त्यातली पहिली फेरी 32 च्या टायरवर. तिच्याबद्दल फार बोलत नाही.

नकाशावर हा मार्ग समुद्राला खेटून, म्हणून सपाट वाटतो. पण सगळा मिळून 500 किलोमीटरच्या वर जाणारा हा रस्ता म्हणजे एक लांबलचक करवत आहे. खाडीतून चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, यायचं, सड्यावर पाचदहा किलोमीटर वारा खायचा, पुन्हा उतरून पुढच्या खाडीत. चढ शे-दीडशे मीटरचाच, पण दिवसातून पाचसहा वेळा. आणि टायरची खरी परीक्षा चढावर होत नाही, ती उतारावर होते. वळणावर पावसाळ्यात वाहून आलेला तांबडा मुरूम डिसेंबरातही तसाच पडलेला असतो. डांबराच्या कडा तुटलेल्या असतात. पुलांची आणि रुंदीकरणाची कामं चालू असतात तिथे खडी पसरलेली असते. आणि समोरून चिऱ्यांचा ट्रक आला की तुम्हाला डांबर सोडून त्याच कडेवर उतरावं लागतं, तेही तीसच्या वेगात. तिथे 35 चा टायर 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून चालवणं म्हणजे काचेवर मोहरी टाकून त्यावर नाचणं.

दुसरी गोष्ट जांभा. देशावरची माणसं जांभ्याला मऊ दगड समजतात, कारण खाणीतून नुकताच काढलेला ओला चिरा कुऱ्हाडीने तासता येतो. पण तोच दगड उन्हावाऱ्यात राहिला की कडक होतो, आणि सड्यावरचा उघडा कातळ तर हजारो वर्षं उघडाच आहे. त्याच्यावर हात फिरवून बघा. कानस. बारीक बारीक भोकं आणि प्रत्येक भोकाला धार. काशेळीच्या किंवा देवाचे गोठण्याच्या सड्यावर कातळशिल्पं बघायला तुम्ही वाट वाकडी करणारच, करायलाच हवी. तिथे सायकल या कानशीवरून जाते. टायरच्या मध्यावर काही होत नाही. होतं ते बाजूला, दोन दगडांच्या फटीत चाक घसरलं की.

म्हणून माझा सल्ला असा की टायर निवडताना नक्षी शेवटी बघा. आधी रुंदी, मग बाजूची भिंत म्हणजे साइडवॉल, मग नक्षी.

रुंदीचं गणित. तुम्ही 74 किलो, सायकल आणि सामान मिळून 28 धरू. 102 किलो. यातलं साठ टक्के मागच्या चाकावर. अरुंद टायरमध्ये हे वजन पेलायला हवा जास्त भरावी लागते, हवा जास्त म्हणजे टायर दगडावर दबत नाही, उडतो. तो उडाला की सायकल आणि सामानासकट तुम्हालाही वर उचलतो आणि ती ताकद तुमच्याच मांड्यांतून जाते. खडबडीत रस्त्यावर रुंद, मऊ टायर सावकाश जातो हा समज त्यामुळेच चुकीचा आहे. गुळगुळीत डांबरावर थोडा फरक पडेल, पण तसलं डांबर तुम्हाला सलग किती मिळणार?

तुमच्या हायब्रिडमध्ये 42 बसेल असा माझा अंदाज, पण अंदाजावर टायर मागवू नका. सध्याचा टायर हवा भरून लावा आणि 6 मिलिमीटरचा ॲलन की घेऊन तो टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये, चेनस्टेपाशी (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्या) दोन्ही बाजूंनी, आणि पुढे फोर्कच्या आत वरच्या बाजूला घालून बघा. नवा टायर लावल्यावरही तो की सगळीकडे सहज फिरला पाहिजे. म्हणजे 35 वरून 42 वर जाताना दोन्ही बाजूंना साडेतीन मिलिमीटर जागा खर्च होणार, ती आत्ता शिल्लक आहे का ते मोजा. रिम रुंद असेल तर 42 छापलेला टायर 43-44 भरतो, हेही धरा. मडगार्ड असतील तर आणखी जागा जाते. 42 बसत नसेल तर 40 घ्या. 38 च्या खाली मात्र या सामानासकट जाऊ नका. त्यापेक्षा तंबू घरी ठेवा आणि खानावळीत राहा.

मेहुण्यांची रुंदी ठीक आहे. त्यांनी 2.0 ते 2.2 च्या दरम्यान, मधली ओळ सलग असलेला, कडेला बुटकी बटणं असलेला टायर घ्यावा. उंच बटणांचा टायर डांबरावर घुंघुं आवाज करतो, वळणावर बटणं दुमडतात आणि सामानाच्या वजनाखाली मागचा टायर 500 किलोमीटरमध्ये मध्यभागी चप्पट होऊन येतो. त्यांच्याकडे जुना, बटणं अर्धी झिजलेला जोड पडला असेल आणि त्याची साइडवॉल धड असेल तर या फेरीला तोच उत्तम. पैसे वाचले.

साइडवॉल कशी ओळखायची? टायर हातात घ्या आणि बाजू चिमटीत धरून दुमडा. कागदासारखी दुमडली तर परत ठेवा. जुन्या गोधडीसारखी, जाड पण वाकणारी हवी. टायरवर टीपीआय लिहिलेलं असतं, म्हणजे इंचाला किती धागे. 120 चा टायर मऊ, हलका, झकास पळणारा, पण त्याचे धागे बारीक. 60 चा जरा अडाणी, पण कातळावर टिकणारा. तुमच्यासाठी 60. आणखी एक, डब्यावर "पंक्चर प्रोटेक्शन" लिहिलंय म्हणून भुलू नका. ती पट्टी बहुतेक वेळा नक्षीच्या खाली असते, बाजूला नाही. काटा अडवेल, कातळाची धार नाही.

नावं विचारलीत म्हणून सांगतो. श्वाल्बेचा मॅरेथॉन प्लस लोक डोळे झाकून घेतात. त्यात नक्षीखाली 5 मिलिमीटरचा रबरी थर असतो, काटे त्याच्यापुढे हात टेकतात. पण तो जड आणि ताठ आहे, आणि आपल्याकडच्या या चढउतारात तो ताठपणा रोज जाणवतो. बाभळींच्या देशात, म्हणजे सोलापूर-नगरकडे, मी तोच सुचवला असता. किनाऱ्यावर काटे आहेत, करवंदीची जाळी, कुंपणाच्या वईतून रस्त्यावर पडलेल्या फांद्या, पण बाभळीच्या मानाने किरकोळ. त्याच कंपनीचा मॅरेथॉन मोंडियल, किंवा पॅनारेसरचा ग्रॅव्हलकिंग एसके अशा धाटणीचा टायर इथे जास्त शोभतो. मधे जवळजवळ सलग, कडेला बुटके चौकोन. कुठल्याही बऱ्या कंपनीचा या धाटणीचा टायर चालेल, नावावर अडून बसू नका.

आता ती घटना, कारण साइडवॉलबद्दल मी एवढं का बोलतोय ते त्याशिवाय कळणार नाही. तवसाळहून जयगडला फेरी घ्यायची होती. पूर्ण ओहोटी. बोट धक्क्याच्या उताराच्या अगदी खालच्या टोकाला लागलेली, तिथे शेवाळ, म्हणून मी शहाणपणा करून सायकल कडेच्या दगडांवरून ढकलत नेली. त्या दगडांवर कालवं असतात. शिंप्यांच्या कडा ब्लेडसारख्या वर आलेल्या. मला काही कळलं नाही, बोटीत बसलो, उतरलो, जयगडचा चढ सुरू झाला आणि मागचं चाक दर फेऱ्याला एकदा ब्रेकला घासायला लागलं. उतरून बघतो तर साइडवॉलला दोन बोटं लांबीची चीर आणि तिच्यातून ट्यूब फणसाच्या गऱ्यासारखी बाहेर आलेली.

परत उतरून धक्क्यावर आलो. तिथे जाळं दुरुस्त करत एक म्हातारे खारवी बसले होते. त्यांनी टायर हातात घेतला, उलटा केला, आणि मी नवा टायर रत्नागिरीतच मिळेल म्हणून कपाळाला हात लावल्यावर म्हणाले, "जाल्याला भोक पडला तर जाला टाकतंव काय आमी?" नायलॉनच्या दोऱ्याने, दाभणाने, चिरेच्या दोन्ही बाजूंना अर्धा इंच जागा सोडून त्यांनी ती शिवली, प्रत्येक टाक्याला गाठ. मी आतून टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा तुकडा, कडा गोल कापून, लावला, म्हणजे दोरा ट्यूबला कापणार नाही. हवा नेहमीपेक्षा पाचसात पीएसआय कमी. मालवणपर्यंत, म्हणजे आणखी दोनशेच्या आसपास किलोमीटर, तो टायर गेला. पैसे त्यांनी घेतले नाहीत. चहा घेतला, तोही मीच साखर कमी सांगितली म्हणून नाराज होऊन.

तेव्हापासून माझ्या पिशवीत दाभण, मेण लावलेला नायलॉनचा दोरा आणि जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा असतो. तुम्हीही ठेवा. आणि आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या चारही धक्क्यांवर सायकल सिमेंटच्या उतारावरूनच, मधोमध, हातात ब्रेक धरून न्या. शेवाळावर माणूस घसरला तर कपडे धुता येतात.

वाळूकडे येतो. मेहुण्यांना सांगा की सुरूच्या बनातल्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत सामानासकट त्यांची बटणंही रुतणार आणि तुमचा 42 ही रुतणार. तिथे चार इंची फॅटबाइकच चालते. आपण ढकलायचं. पूर्ण प्रवासात असं ढकलणं फार तर थोड्या किलोमीटरचं, आणि तेही हौसेने केलं तर. त्यासाठी उरलेल्या पाचशे किलोमीटरचा टायर बिघडवू नये. ओल्या, घट्ट वाळूवर मात्र 42 सुद्धा मजेत पळतो. दापोलीकडचा मुरूड–कर्दे, गुहागर, ही त्यासाठी छान ठिकाणं आहेत. अट एकच, ओहोटी हवी. आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीवरून करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या पुढे, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-सहाला आणि संध्याकाळी. हा ढोबळ हिशेब आहे, तासभर इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त मागे हटतं, पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, रुंद मिळते. डिसेंबरात वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येऊ लागलेली असतात. त्यामुळे भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत सायकल नेऊच नका. आणि पुळणीवरून आल्यावर पहिल्या नळावर किंवा विहिरीवर चाकं गोड्या पाण्याने धुवा. खार टायरला काही करत नाही, पण व्हॉल्वच्या आतला दांडा आठवड्यात असा जाम होतो की पकडीने फिरवताना तुटून हातात येतो.

हवा किती? ट्यूब असलेल्या 42 ला तुमच्या वजनासाठी मागे 45, पुढे 38 ने सुरुवात करा. मेहुण्यांनी मागे 30, पुढे 26. दगडावर रिम ठोकल्याचा "टण्ण" आवाज आला तर दोनतीन वाढवा. सलग डांबरी दिवस असेल तर तुम्ही मागे पन्नासपर्यंत जा. ओल्या वाळूवर उतरताना दोघांनीही विसाच्या आसपास आणा, आणि डांबरावर चढायच्या आधी परत भरा. हातपंपाने हे दीडशे-दोनशे हात होतात, म्हणून छोटा पंप घेताना हवेचं माप दाखवणारा आणि जमिनीवर टेकवून मारता येणारा घ्या. अंगठ्याने दाबून "बरी आहे" म्हणणं इथे पुरत नाही. तीस आणि चाळीसमधला फरक अंगठ्याला कळत नाही, कातळाला कळतो.

"उन्हात सायकल ठेवली तर टायर फुटेल का" असंही विचारलं आहेत. पंचवीस अंशाला 38 भरलेला टायर पन्नास अंशाला तापला तर हवा साधारण चार पीएसआयने वाढते. एवढ्याने धड टायर फुटत नाही. सावलीत ठेवा ते सीटसाठी.

ट्युबलेस करावं का? तुमची रिम ट्युबलेससाठी बनवलेली नसेल तर टेप आणि जुगाड करून करू नका, डिसेंबर तोंडावर आहे. मेहुण्यांची असेल तर त्यांनी जरूर करावं, पण निघायच्या आधी महिनाभर, आणि त्या महिन्यात गाडी रोज चालवून. सीलंट, म्हणजे भोक बुजवायला टायरमध्ये ओततात ते द्रव, आपल्या उन्हात दोनतीन महिन्यांत वाळून रबराचं पापुद्र्याचं भजं होतं. निघताना नवं ओता आणि छोटी बाटली बरोबर ठेवा. ट्युबलेसवाल्यानेही एक ट्यूब बाळगायचीच. साइडवॉल फाटली की सीलंट फक्त पायावर उडतं.

सुट्या सामानात एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमचं 700 आणि मेहुण्यांचं 29, ही एकाच मापाची दोन नावं आहेत. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात बघा, दोन्हीवर 622 सापडेल, हा रिमवर टायर बसतो त्या जागेचा मिलिमीटरमधला व्यास. म्हणजे दोघांत मिळून 622 चा, 40 च्या आसपासचा, घडी होणारा एक टायर न्या. तो तुमच्याही चाकावर चढेल आणि वेळ पडली तर त्यांच्याही. कॅरियरवर गुंडाळून बांधा, विसरून जा. अलिबाग सोडल्यावर रत्नागिरीपर्यंत या मापाचा रुंद टायर वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका. गावातला दुकानदार प्रेमाने "28 चा आहे की" म्हणून जुन्या काळ्या सायकलीचा 28 × 1½ काढून देईल. त्याचं माप 635. तेरा मिलिमीटर मोठा. तो बसत नाही, कितीही साबण लावला तरी.

ट्यूबचं मात्र जमतं. पोरांच्या 26 च्या सायकली गावोगाव आहेत, त्यांची 26 × 1.95 ची ट्यूब ताणून 622 च्या चाकात बसते आणि पुढच्या शहरापर्यंत नेते. पण इथे व्हॉल्व आडवा येतो. ती ट्यूब मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्वची असते, आणि तुमच्या रिमचं भोक बारीक, प्रेस्टा नावाच्या सडपातळ व्हॉल्वचं असेल तर तो व्हॉल्व आत जाणारच नाही. उलट चालतं: जाड भोकात बारीक व्हॉल्व बसतो. म्हणून घरी एकदा टायर काढून आपलं भोक कुठलं ते बघून ठेवा. बारीक असेल तर प्रत्येकी दोन ट्यूब आणि पितळेचा छोटा ॲडाप्टर न्या, म्हणजे पेट्रोलपंपावर किंवा गॅरेजात हवा भरता येईल. पंक्चर चिकटवायच्या सोल्यूशनची ट्यूब नवी, न उघडलेली घ्या. एकदा उघडलेली पिशवीत गपचूप वाळून बसते आणि हे नेमकं आडिवऱ्याच्या अलीकडे, भर दुपारी कळतं.

टायर आता लगेच मागवा आणि निघायच्या आधी शंभरेक किलोमीटर पूर्ण सामानासकट, थोडं कच्च्या रस्त्यावर चालवा. नवा टायर सुरुवातीला गुळगुळीत, निसरडा असतो, तो निसरडेपणा चालवून जातो. शिवाय सामानाच्या वजनाखाली टायर फ्रेमला कुठे घासतोय का, हे अंगणात दिसत नाही.

मेहुण्यांना एवढं सांगा की काढलेली बटणं विकू नका. जुलैत सड्यावर या म्हणावं, तांबड्या चिखलात आणि शेवाळात तेव्हा माझाच टायर हरेल आणि त्यांचा चालेल.